कुसाबाईचा पगार आणि पुंजानानांचं खाकरणं

कुसाबाईनं आपल्या थोरल्या दिराला बेचाळीस वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं. भांडण होतं म्हणून नाही, रीत होती म्हणून. नांदगावच्या बाजारापासून जीपनं पाऊण तासावरच्या त्या गावात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरापुढं पदर नाकापर्यंत ओढायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, एवढं सगळ्याच घरांत पाळलं जायचं. पुढं बाकीच्या बायांनी हळूहळू सूट घेतली. कुणी टीव्ही आल्यावर घेतली, कुणी घरात सुना आल्यावर. कुसाबाईनं मात्र लग्नाच्या मांडवात ओढलेला पदर बासष्टाव्या वर्षापर्यंत तसाच ठेवला. बाई मुळातच हट्टी. एकदा धरलं की सोडायचं नाही, मग तो पदर असो की बाजारात वांग्याचा सांगितलेला भाव.

थोरले दीर म्हणजे पुंजानाना. वय पंचाहत्तर, अंगानं काटक, आणि कधीकाळी ग्रामपंचायतीत एक वेळ मेंबर झालेले, त्यामुळं मान अजून ताठ. रिवाजाची अर्धी बाजू त्यांच्याकडं होती. धाकट्या भावाच्या घराकडं येताना आधी खाकरायचं, म्हणजे आतल्या बाईला सावरायला वेळ मिळतो. चार लोक खाकरतात तसं साधं खाकरणं नानांना जमत नसे. आधी पोटातून घरघर निघायची, मग ती घशात दोन वळसे घ्यायची, आणि मग जो आवाज बाहेर पडायचा त्यानं पत्र्यावर बसलेले होले उडून जायचे. रस्त्यानं चाललेल्या, नात्यागोत्यात काही नसलेल्या बायासुद्धा दचकून डोक्यावर पदर घ्यायच्या.

घर तसं एकच. दोघा भावांनी वाटणी केली तेव्हा मधे भिंत घालायला घेतली, आणि छताच्या खाली दीड हात उरला असताना विटा संपल्या. आणखी विटा कुणी आणायच्या यावर दोन महिने चर्चा झाली आणि मग विषयच मागं पडला. त्यामुळं इकडं फोडणी टाकली की तिकडं ठसका लागायचा, आणि तिकडं नानांनी कूस बदलली की इकडं कुसाबाईला कळायचं. एवढ्या जवळ राहून बोलायचं मात्र नाही. मग बोलायचं कसं? पूर्वी घरातली लहान पोरं मधे निरोप्याचं काम करायची. पोरं मोठी झाली. नानांचा महेश एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला लागला, कुसाबाईची उज्वला येवल्याकडं दिली, आणि निरोप्याची जागा रिकामी झाली. तेव्हापासून ते काम शेळीकडं आलं.

शेळीचं नाव कबरी. ही चौथी कबरी. शेळ्या बदलल्या, नाव आणि नोकरी तीच राहिली. तिला भिंतीच्या टोकाशी, दोन्ही दारांतून दिसेल अशी बांधलेली असे.

"कबरे, इचार त्यांना, भाकर आता टाकू का अंधार पडल्यावर?" कुसाबाई पदराआडून म्हणायची.

"कबरे, आत्ताच टाक म्हणावं," नाना आकाशाकडं बघत म्हणायचे. "आन काल वांग्याची भाजी तिखटजाळ झाली व्हती, तेबी सांग."

"कबरे, त्यांना म्हणावं, तिखट व्हती त दोनदा कशी मागून घेतली?"

कबरी रवंथ करत दोघांकडं आळीपाळीनं बघायची. आपण किती नाजूक कामावर आहोत याची तिला कल्पना नसावी. असती तर तिनं पाला वाढवून मागितला असता.

आता कुसाबाईच्या पगाराची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यापायी झाला.

तेरा वर्षांपूर्वी कुसाबाईचा नवरा दत्तू तापानं गेला. हाताला काम होतं, कांद्याच्या लावणीला, मक्याच्या सोंगणीला ती जायची, पण काम वर्षाचे बारा महिने थोडंच असतं? रिकाम्या महिन्यांत पीठ यायचं ते भिंतीवरून. पुंजानानांची बायको धोंडाबाई मनानं फार मोठी. पण तिचा आवाज मनाहून मोठा. परात भिंतीवरून पुढं करताना ती म्हणायची, "घे गं बाई, घे! तुला आमच्याबिगर हाय तरी कोण!" हे इतक्या जोरात, की हापशावर पाणी भरणाऱ्या सगळ्या बायांना आज कुसाबाईच्या घरी पीठ नाही हे समजायचं. कुसाबाई परात घ्यायची, मान खाली घालायची, आणि त्या पिठाची भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची. उपाशी राहणं परवडलं, असं तिला त्या दिवसांत खरोखर वाटायचं. भूक सोसता येते. रोज कुणाच्या तरी उपकाराखाली वाकणं तिच्या हाडातच नव्हतं.

मग निराधारचा पगार सुरू झाला. सरकार त्याला अनुदान म्हणतं. गावात पगारच म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. खात्यात आधी सहाशे यायचे, पुढं हजार झाले, मग दीड हजार. पहिल्या पगाराला कुसाबाईनं काय केलं असेल? औषध घेतलं नाही, लुगडं घेतलं नाही. नांदगावला जाऊन किलोभर साखर आणली, तीच परात घासूनपुसून लख्ख केली, साखर तिच्यात ओतली आणि भिंतीवरून पलीकडं धरली.

"घ्या जाऊबाई, घ्या!" ती ओरडली. "लागली त अजून सांगा! लाजू नका!"

हापशावरच्या बायांनी हंडे खाली ठेवून ऐकलं. धोंडाबाई आठ दिवस रुसून बसली. नवव्या दिवशी तिनं त्याच साखरेचा शिरा करून भिंतीवरून पाठवला, न ओरडता. त्यानंतर परात दोन्ही बाजूंनी जायला लागली आणि आवाज दोन्हीकडचे खाली आले. सरकारला आपण काय काय केलं हे नीटसं माहीत नसतं ते असं.

चार वर्षांपूर्वी धोंडाबाई गेली. नानांना चहासुद्धा करता येत नव्हता. एकदा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी पातेलं आणि मिशीचं एक टोक अशा दोन वस्तू जाळल्या. महेश म्हणाला, एकलहऱ्याला चला. नाना म्हणाले, नाय. निराधारचा पगार त्यांना लागू नव्हता, कारण नावावर अडीच एकर मुरमाड जमीन होती. तिच्यात दगड उत्तम यायचे. तेव्हा कुसाबाईनं कुणाला न विचारता दोन भाकरी जास्त टाकायला सुरुवात केली. ताट भिंतीच्या कडेनं पलीकडं सरकवायचं, दोनदा वाजवायचं, आणि बाजूला व्हायचं. दर महिन्याला पगार आला की चहा, साखर, तेल, आणि नानांसाठी पावशेर गोडीशेव. गोडीशेव आली की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "कबरे, मालकिणीला सांग, यंदाची शेव ताजी हाय." एवढ्या एका वाक्यासाठी कुसाबाई महिनाभर पैसे पुरवून वापरायची. घेणारी होती ती देणारी झाली होती आणि हे तिला फार म्हणजे फार आवडत होतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एके दिवशी दुपारी राखी धापा टाकत आली. राखी म्हणजे शेजारच्या घरची सून, चोवीस वर्षांची, बचत गटाचं लिहिणं-वाचणं करणारी. हातात मोबाईल.

"मावशी, तुमचं राहिलंय! आज शेवटची तारीख हाय!"

"कशाची गं?"

"जिवंत असल्याची."

झालं होतं असं, की पगार घेणारं माणूस जिवंत आहे की नाही हे आता दरवर्षी मोबाईलवर दाखवायचं होतं. मोबाईलपुढं चेहरा धरायचा, डोळे मिचकावायचे, आधार कार्डावरच्या फोटोशी चेहरा जुळला की काम फत्ते. नाही जुळला तर पगार बंद. राखीनं गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे डोळे मिचकावून घेतले होते. कुसाबाई मात्र बारा दिवस कांद्याच्या लावणीवर होती.

"जिवंत हाय म्हणून तर कांदे लावती ना मी!" कुसाबाई म्हणाली. "मेलेली बाई वाकून वाफ्यात रोपं खोचती का?"

"ते मला कळतं मावशी, मोबाईलला कळत नाय. बसा."

कुसाबाईनं तोंड धुतलं, केस चोपून बसवले, आणि उज्वलाच्या लेकराची उरलेली पावडर होती ती गालांना लावली. मग ती चुलीजवळ पाटावर बसली आणि मोबाईलकडं अशी बघायला लागली की जणू तो तिचं काहीतरी लांबवून आला आहे.

"आता मिचकवा."

कुसाबाईनं एक डोळा मिचकावला.

"अगं बाई! एक नाय, दोन्ही! एक मिचकावल्यावर त्याचा अर्थ येगळा व्हतो."

कुसाबाईनं दोन्ही डोळे मिटले आणि मिटूनच बसली.

"उघडा आता!"

"तू मिचकव म्हणली. उघड कुठं म्हणली?"

मोबाईलनं निकाल दिला: चेहरा जुळत नाही. दुसऱ्या खेपेला राखीनं तिला दारात उजेडाकडं तोंड करून बसवलं, हनुवटी वर धरली, तरी चेहरा जुळत नाही. तिसऱ्या खेपेला पडद्यावरचं हिरवं कडं अचानक सरकलं आणि भिंतीच्या टोकाशी उभ्या असलेल्या कबरीच्या तोंडावर जाऊन छानपैकी बसलं. कबरीनं मान हलवली नाही, डोळेही व्यवस्थित मिचकावले. कागदपत्रं असती तर तिचा पगार त्याच दिवशी सुरू झाला असता.

"पाच येळा चुकलं की आजच्यापुरतं बंद व्हतं मावशी," राखी घाबरून म्हणाली. "तीन झाले. तुमचं आधार कार्ड दाखवा बरं."

बाजरीच्या डब्यातून प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड निघालं. राखीनं ते उजेडात धरलं, जवळ नेलं, लांब नेलं, उलटं केलं.

"मावशी, ह्यात तुम्ही कुठं हाय?"

फोटोत वरच्या अर्ध्या भागात लुगड्याचा काठ होता. काठाखाली एक भुवई, अर्धा डोळा, नाकाचा शेंडा, आणि खाली घाबरून आत ओढलेली हनुवटी. पदराचं टोक दातात धरलेलं. सरकारदरबारी कुसाबाई म्हणजे एवढाच ऐवज जमा होता.

मग कुसाबाईला तो दिवस आठवला. चौदा वर्षांपूर्वी शाळेत आधार कार्डाचं शिबिर लागलं होतं. पुंजानाना तेव्हा मेंबर, त्यामुळं रांग लावायचं काम त्यांनी स्वतःच स्वतःकडं घेतलेलं, आणि ते नेमके फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागं उभे. फोटोवाला म्हणायचा, "मावशी, पदर वर घ्या." कुसाबाई बोटभर वर घ्यायची. तेवढ्यात नाना रांगेला दम द्यायला खाकरायचे, की पदर पुन्हा खाली. असं सात वेळा झालं. पाठीमागं दीडशे माणसं, जनरेटरचं डिझेल संपत आलेलं. आठव्या वेळी फोटोवाल्यानं देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

राखीला हसू आवरेना. कुसाबाई हसली नाही. "मंग तसंच तोंड करती की," ती म्हणाली आणि पदर ओढून, दात आवळून, मान खाली घालून बसली. पण भीती काय ठरवून चेहऱ्यावर येते? तिच्या तोंडावर पोटात कळ आल्यासारखं काहीतरी आलं. मोबाईलनं आधी चेहरा नीट दिसत नाही म्हटलं, राखीनं पदर थोडा सरकवला तेव्हा जुळत नाही म्हटलं. चार झाले. एक उरला. बाहेर उन्हं कलायला लागली होती.

कुसाबाई पाटावरून उठली, कोपऱ्यातल्या साखरेच्या डब्यापाशी गेली, झाकण उघडून आत बघितलं आणि परत लावलं. पगार बंद म्हणजे काय, ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आता पीठ द्यायला धोंडाबाईही नव्हती. महेशला फोन लावावा लागेल, तो वाईट नाही, पाठवील, पण एकदा विचारील की काकू, किती लागतील, आणि त्या एका प्रश्नानं ती पुन्हा भिंतीखाली परात धरून उभी राहील. "कबरे, असं दात काढून बघू नको माझ्याकडं," ती शेळीवरच खेकसली.

भिंतीपलीकडं सगळं ऐकू जात होतंच. "कबरे," नानांचा आवाज आला, "काय झालं म्हणावं?"

राखीच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तिनं कार्डावरचा फोटो बघितला, भिंतीकडं बघितलं, आणि टाचा उंचावून पलीकडं ओरडली, "नाना, तुम्ही हिकडं या! मावशीचं ते तोंड तुम्ही समोर असल्याबिगर व्हत नाय!"

पलीकडं बाजेची कुरकुर झाली. मग: "कबरे, त्या पोरीला सांग, आमच्या घराण्यात असं कधी झालं नाय."

"नाना, मी कबरीला मधे घेत नाय," राखी म्हणाली. "सरळ सांगते. आज झालं नाय त मावशीचा पगार गेला. मंग तुमचा गोड च्या गेला, शेव गेली. घराणं काय फिक्या च्यात बुडवून खाणार का?"

कुसाबाईनं कपाळाला हात लावला. थोरल्या दिराला असं कुणी बोललेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. पलीकडं पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीतरी झटकल्याचा. नाना महेशच्या लग्नातला काळा कोट चढवत होते. एवढ्या मोठ्या कामाला साध्या सदऱ्यावर जाणं त्यांना बरं दिसेना.

राखीनं दारासमोर एक घमेलं पालथं घातलं, नानांच्या बसण्यासाठी. कुसाबाई पाटावर, पदर नाकापर्यंत. उंबऱ्याबाहेर पावलं थांबली. आणि मग नाना खाकरले. आजचं खाकरणं खास होतं. कोटाला शोभेल असं. चुलीजवळची मांजर उडून बाहेर गेली. आणि कुसाबाईचं तोंड आपोआप तसं झालं: हनुवटी आत, भुवई वर, पदराचं टोक दातात.

"हेच! हेच तोंड! हालू नका!" राखी किंचाळली. नानांना दंडाला धरून तिनं घमेल्यावर बसवलं, स्वतः त्यांच्या खांद्यामागं गेली, मोबाईल धरला, आणि दुसरा हात लांब करून कुसाबाईचा पदर दोन बोटांनी मागं नेला, डोळे उघडे पडेपर्यंत. "मान वर मावशी. मोबाईलकडं बघा. मिचकवा... दोन्ही... उघडा!"

मोबाईल विचार करत बसला. कुसाबाईनं श्वास धरला, राखीनं धरला, नानांनी कोटाची गुंडी धरली.

हिरवी खूण आली.

"झालं! झालं वो मावशी! पावती निघतीये, रेंज नाय हितं, टाकीवर जाऊन येते!" राखी मोबाईल डोक्यावर नाचवत पाण्याच्या टाकीकडं पळाली. घरात तिघंच राहिली: कुसाबाई, पुंजानाना, आणि दारात कबरी.

कुसाबाईचा हात पदराकडं गेला आणि मधेच थांबला. कारण मोबाईल गेला तरी तिची नजर होती तिथंच होती, आणि तिथं आता नुसते नाना होते. बेचाळीस वर्षांत तिनं त्यांची पावलं पाहिली होती, धोतराचा काठ पाहिला होता, ताट घेणारा हात पाहिला होता. चेहरा आज पहिल्यांदा. तिच्या मनात काळ्या मिशांचा, डोळे वटारणारा एक उंच माणूस होता. समोर एक वाळलेला म्हातारा, सैल झालेल्या कोटात, मिशीचं एक टोक अजून आखूड.

आणि तो म्हातारा पाण्याच्या हंड्याकडं बघत होता.

"झालं का म्हणावं?" नानांनी हंड्याला अदबीनं विचारलं.

कुसाबाई पाटावरून किंचित डावीकडं सरकली. नानांची नजर हंड्यावरच. तिनं नीट निरखलं. डाव्या डोळ्यातलं बुबुळ सगळं ताकासारखं पांढरं, उजव्यावरही साय धरलेली. खात्री करायची म्हणून बासष्ट वर्षांच्या कुसाबाईनं, जिनं जन्मभर या माणसापुढं हूं केलं नव्हतं, आपली जीभ पूर्ण बाहेर काढली आणि त्याला दाखवली. वर नाक मुरडलं.

नाना हंड्याच्या उत्तराची वाट बघत राहिले.

मग तिच्या ध्यानात एकेक यायला लागलं. पारावरची माणसं म्हणायची, नानाला म्हातारपणी गर्व झाला, समोरून गेलं तरी ओळख देत नाही. परवा त्यांनी गोणपाट टाकलेल्या कुणाच्या तरी मोटारसायकलला राम राम घातला होता. चहा घेताना कपात बोट घालून बघतात. आणि हल्ली खाकरणं किती वाढलं होतं! येताना खाकरायचे ते ठीक, पण नुसते बसल्याबसल्याही.

"नाना," कुसाबाई म्हणाली, "कधीपासून?"

कबरीनं रवंथ थांबवला. नाना घमेल्यावर ताठ झाले.

"कोण बोललं?"

"मी."

"मला वाटलं..."

"कबरी बोलत नाय, नाना."

नानांनी ओठ हलवले, दारातल्या उजेडाकडं मान वळवली, परत इकडं आणली. शेळीविना बोलायची सवयच नव्हती बिचाऱ्यांना. "तीन दिवाळ्या झाल्या," ते शेवटी म्हणाले. "डावा पार गेला. उजव्यानं नुसत्या सावल्या."

"महेशला का नाय सांगितलं?"

"सांगितलं की न्यायचा तो. तिसऱ्या मजल्यावर ऱ्हातो. चार भिंती, सगळ्या पार छतापस्तोर गेलेल्या. तिथं पलीकडलं काय ऐकू येणार?"

"आन दिसत नाय त खाकरता कशाला दिवसभर? मी हितं उगा दहा येळा पदर घिती."

नाना थोडे लाजले. "तू पदर घेती तवा हातातली कडी वाजत्यात. मंग कळतं, कुठं हाये ती. घरात कुणी हाय म्हणून बरं वाटतं."

तीन वर्षं कुसाबाई ज्याला दिसतच नाही अशा माणसापुढं लाजत होती, आणि तो माणूस तिची लाज ऐकून आपला अंधार मापत होता. तिला त्यांचा राग आला, हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं, सगळं एकदमच. राग आधी बाहेर पडला, कारण त्याची सवय जास्त.

"येड्यासारखं करू नका. मोतीबिंदू हाय त्यो, दुसरं काय नाय. पगार जमा झाला की नाशिकला जायचं. सरकारी दवाखान्यात कापाकापी फुकट करत्यात. जायचं-यायचं भाडं, चार दिवसांचं खाणंपिणं, थेंबांची औषधं, ते माझ्या पगारातून. मधे बोलायचं नाय."

"तुझ्या पैशानं मी जाऊ?"

"माझं पीठ चालतंय, शेव चालती, मंग डोळ्यालाच काय झालं?"

नानांनी कोटाची वरची गुंडी सोडली, पुन्हा लावली. मग म्हणाले, "नको पण."

"आता काय?"

"दिसायला लागलं की तू परत पदर घेशील," नाना म्हणाले, "आन मला परत त्या शेळीशीच बोलावं लागंल."

कुसाबाईनं हातातला पदर सोडला आणि सरळ कमरेला खोचला.

"नाय घेणार," ती म्हणाली. "उठा, च्या टाकती."